मदत हवी आहे: तबला आणि लाइव्ह साउंड, दोन्ही टिकवायचंय (मिरज-सांगली)

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, वय 27. तबल्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली आहे. चार वर्षं सांगलीतल्या एका साउंडवाल्यांकडे मिक्सरवर बसतो. घर त्यावर चालतं. जीव तबल्यात आहे, पण आता साउंडमध्येही तितकाच गुंतलाय.

दिवाळी पहाटेला एका गायिकेचा कार्यक्रम होता. साउंड चेकला डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) नुसता घुमत होता. आमच्या पोराने मिक्सरवर लो, म्हणजे खालचे सूर, इतका कापला की घिस्साच (तळहात सरकवून काढतात तो आवाज) ऐकू येईना. स्टेजवर जाऊन बघतो तर माइक शाईपासून (डग्ग्यावरचा काळा गोल) दोन बोटांवर. इतक्या जवळून तो माइक खर्ज फुगवणारच. वीतभर मागे घेतला, जरा कडेला वळवला, लो पुन्हा सपाट केला. तबलजींनी एक मींड काढली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून विसरलो नाही. तिथं काय ऐकू यायला पाहिजे, हे मला वाजवत आलोय म्हणून कळलं.

महिन्याभराने त्या गायिका बाईंचा फोन आला. वाटलं, तबल्याला बोलावतायत. "साउंडला तूच पाहिजेस," म्हणाल्या. तबल्याला दुसरे ठरले होते. फार लागलं मनाला.

त्यात हात. रात्री दहाला स्पीकर बंद, पण केबल गुंडाळून टेम्पो भरेपर्यंत एक वाजतो. सकाळी बोटं उठत नाहीत, रियाज बुडतो.

दोन्ही करणाऱ्यांनी सांगावं: लोकांना तबलजी म्हणून लक्षात कसं राहायचं? आणि कर्ज काढून स्वतःचा मिक्सर घ्यावा का?

प्रतिसाद, सातारा:
मित्रा, मी पेटी वाजवतो आणि साउंडही करतो, वीस वर्षं झाली. एका संध्याकाळी एकच काम घ्यायचं. वाजवायला गेलास तर मिक्सरकडे फिरकायचं नाही, कुणी हाक मारली तरी. तबल्याची बिदागी आणि साउंडचा दर फोनवरच वेगवेगळे सांग.

मिक्सर आत्ता नको. गणपती, नवरात्र, लग्नसराई सोडली की हप्ता अंगावर येतो. चांगले दोन माइक, स्टँड आणि छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घे. कानातली बुचं घे, ही सगळ्यात आधी. 85 डेसिबल आठ तास चालतो. 88 झाला की चारच तास. कान गेले तर दोन्ही धंदे गेले. बॉक्स उचलायला माणूस माग, ऑपरेटरने हमाली करायची नसते.

आणि तू मिरजेत राहून सतारमेकर गल्ली विसरलास? तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लांबचं गिऱ्हाईक तंबोरा फोनवर ऐकून पसंत करतं, आणि फोनमध्ये जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, मरते. नीट रेकॉर्ड करून देणारा माणूस त्यांना हवा असणार. त्याच सेटवर स्वतःचा अर्ध्या तासाचा तीनताल सोलो रेकॉर्ड कर आणि बाईंना पाठव. तुझा हात त्यांनी ऐकलाय का कधी?

धागाकर्ता:
दादा, नाही ऐकलेला. हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. गल्ली घरापासून पाच मिनिटांवर आहे, उद्याच जातो. एकच सांगा, तंबोऱ्याला माइक कुठे लावता? घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जवारी स्पष्ट येते, पण भोपळ्याची गोलाई हरवते.