हेलिकॉप्टरला डिझेल इंजिन का बसवत नाहीत?

हडपसरकर:
पुण्यात डिझेल इंजिनांवर आयुष्य काढलेल्यांची वाण नाही, म्हणून येथे विचारतो. रॉबिन्सन आर४४ सारख्या छोट्या हेलिकॉप्टरात लायकमिंगचे पेट्रोल इंजिन असते आणि त्यात सहसा शिसेयुक्त एव्हगॅस (विमानांचे पेट्रोल) वापरतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. टर्बाइन (जेटच्या धर्तीचे इंजिन) एटीएफवर, म्हणजे रॉकेलसारख्या विमान-इंधनावर चालते, पण टर्बाइन महाग आणि खादाड. मग एटीएफवर चालणारे डिझेल इंजिन का नको, आणि त्याचे नियंत्रण कसे होईल?

जनरेटरवाला:
नियंत्रणाचे आधी सांगतो, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. जनरेटर संचात ५० हर्ट्झसाठी इंजिन सहसा १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) धरावे लागते आणि भार वाढला की गव्हर्नर (वेग स्थिर राखणारे यंत्र) इंधन वाढवतो. हेलिकॉप्टरातही रोटरचा वेग जवळजवळ स्थिर ठेवतात. उचल बदलते ती कलेक्टिव्ह दांड्याने पात्यांचा कोन बदलून. कोन वाढला की हवेचा रोध वाढतो आणि वेग उतरू लागतो. डिझेलमध्ये हवा अडवणारे थ्रॉटल लागत नाही, इंधनाचे प्रमाण बदलले की शक्ती बदलते, त्यामुळे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे काम वरवर सोपे दिसते. परंतु दांडा झटकन उचलला तर इंधन तत्काळ मिळते, टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) हवा मात्र मागून येते. म्हणून दांड्याची हालचाल वेग उतरण्याची वाट न पाहता थेट संगणकाला कळली पाहिजे. जनरेटरवर भार पडताच दिवे क्षणभर मंदावले तर चालते, येथे चालत नाही.

कोथरूडचा अभियंता:
हा प्रयोग झालेला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एअरबसने फ्रान्समधील मारिन्यान येथे एच१२० हे हेलिकॉप्टर ४.६ लिटरच्या, ४४० अश्वशक्तीच्या व्ही-८ डिझेल इंजिनावर उडवले. कॉमन रेलचा (सर्व सिलिंडरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीचा) दाब १८०० बार होता. इंधनाची बचत मोठी होती, तरीही हे हेलिकॉप्टर डिझेलसह विक्रीला आले नाही. माझ्या मते खरी अडचण वजनाची आहे. टर्बाइनचा जोर अखंड असतो, तर डिझेलच्या प्रत्येक ज्वलनाचा ठोका गिअरबॉक्सच्या दातांपर्यंत पोहोचतो. तो शोषणारे डँपर, जाड सिलिंडर आणि रेडिएटर हे सर्व वाहून न्यावे लागते. शिवाय एका जागी तरंगताना समोरून वारा मिळत नसल्याने रेडिएटर थंड ठेवणाऱ्या पंख्यावरही शक्ती खर्च होते. जास्तीचे हे वजन वाचलेल्या इंधनातून भरून निघते ते लांबच्या उड्डाणात. पुणे-मुंबईसारख्या फेरीत हिशेब जुळवणे कठीण.

हडपसरकर:
आणि इंजिन बंद पडले तर?

जनरेटरवाला:
त्यात डिझेलचा वेगळा दोष नाही. एकदिशा क्लच रोटरला इंजिनापासून सोडवतो आणि वैमानिक ऑटोरोटेशनने, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवून, उतरतो. मला काळजी इंधनाची वाटते: पंपावरच्या डिझेलसाठी किमान सीटेन क्रमांक (इंधन किती चटकन पेट घेते त्याचे माप) ठरलेला असतो, एटीएफच्या प्रमाणकात तो बंधनकारक नाही, त्यामुळे दर टाकीला ज्वलनाची वेळ थोडी बदलू शकते आणि हा फरक संगणकालाच सावरावा लागेल.