प्रति: बोनेअरला गाइडशिवाय डाइव्ह
तुम्ही दोघंच गाइडशिवाय कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर किनाऱ्यावरून स्कूबा डाइव्ह करणार म्हणताय, तर जराही घाबरू नका. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे सिलेंडर टाकायचे आणि रस्त्याकडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला, त्यावर जागेचं नाव असतं, की थांबायचं. आधी नेचर फी (तिथल्या निसर्ग-संवर्धनासाठीची) आणि ओरिएंटेशन डाइव्ह, म्हणजे सुरुवातीची ओळखीची डाइव्ह, मात्र सक्तीचे आहेत, हातमोजे चालत नाहीत. पाण्यात शिरताना पायाखाली कोरलचे तुकडे गडगडतात, आमच्या हिचा पाय तिथेच मुरगळला, म्हणून जाड तळव्याचे बूट घ्याच आणि इथे पुण्यात पोहण्याच्या टँकवर ते घालून सराव करा. पाण्यात उतरताना गाडीत काहीही ठेवू नका, चोऱ्या होतात. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान १८ तास ठेवा, प्लीज!