नाश्त्याच्या निधीतला पैसा फ्रॅक सँडमध्ये घालावा का?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माळरान

न्यू मेक्सिकोने २०२३ मध्ये कायदा करून शाळेतला नाश्ता आणि जेवण सगळ्या मुलांना मोफत केलं. उत्पन्नाचा दाखला नको, वेगळी रांग नको. अमेरिकेतल्या गरीब राज्यांत मोडणाऱ्या या राज्याला ते परवडलं, त्यामागे ली आणि एडी या दोन काउंटींतल्या तेलाचा पैसा आहे. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन या तेलखोऱ्याचा हा भाग. तिथल्या नव्या विहिरी फ्रॅकिंगवर चालतात. फ्रॅकिंगमध्ये पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून आत वाळू ठासतात. हीच फ्रॅक सँड.

किती वाळू? आडवं बोअर १०,००० फूट आणि फुटामागे २,००० पौंड धरा. एका विहिरीला २ कोटी पौंड, म्हणजे १०,००० अमेरिकी टन. २५ टनी ट्रकच्या ४०० खेपा.

शाळेच्या नाश्त्यासाठी झटणाऱ्या संस्थांनी, त्यात अमेरिकेतले मराठी देणगीदारांचे गटही आले, आपल्या राखीव निधीचा पाचवा हिस्सा या वाळूच्या कंपन्यांत घालावा असं माझं मत आहे. ज्या धंद्याच्या पैशावर मुलं खातात त्याला नाकं मुरडणं पटत नाही. शिवाय धंदा सुधारतोय. ॲटलस एनर्जी सोल्यूशन्स या वाळूच्या कंपनीने टेक्सासमधल्या केरमिटपासून न्यू मेक्सिकोपर्यंत ४२ मैलांचा वाहक पट्टा (कन्व्हेयर बेल्ट) टाकला. जानेवारी २०२५ पासून त्यावरून व्यापारी माल जातोय, क्षमता वर्षाला १.३ कोटी टन.

जमाखर्च

तेलाचा पैसा मुलांपर्यंत पोचतो हे खरं. तो कोणत्या वाटेने पोचतो ते पाहा. राज्य विकलेल्या तेलावर रॉयल्टी आणि उत्पादन कर आधीच कापून घेतं. वाळूवाल्याला नफा झाला की तोटा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. भागधारकाला मात्र कामगार, गॅस, वाहतूक, व्याज सगळ्यांचं भागून उरलं तर मिळतं. राज्य पहिल्या पंगतीला बसलंय आणि भागधारक भांडी घासायच्या वेळेला येतोय.

इतिहास बघा. यूएस सिलिका (जानेवारी २०१२), हाय-क्रश (ऑगस्ट २०१२) आणि इमर्ज एनर्जी सर्व्हिसेस (मे २०१३) या तिन्ही वाळू कंपन्यांच्या शेअरची पहिली विक्री (आयपीओ) १७ डॉलरनेच झाली. इमर्ज २०१४ मध्ये १४० डॉलरच्या वर गेली आणि जुलै २०१९ मध्ये दिवाळखोरीत. हाय-क्रश जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत. त्यांतली त्यातल्या त्यात धडधाकट यूएस सिलिका. ती २०२४ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने शेअरमागे १५.५० डॉलरने विकत घेऊन बाजारातून काढली. बारा वर्षं धरून ठेवणाऱ्याला, लाभांश सोडला तर, शेअरची मूळ किंमतही परत आली नाही.

माळरान

ही सगळी उदाहरणं वाळू दूरच्या विस्कॉन्सिनहून रेल्वेने यायची त्या जमान्यातली आहेत. त्या कंपन्यांना बुडवलं ते रेल्वेच्या भाड्याने आणि भाड्याने घेतलेल्या वाघिणींनी. वाळूची मागणी काही संपली नव्हती. आता खाण विहिरीच्या उशाशी आहे. नव्या कंपनीला जुन्या कंपनीच्या मापाने मोजू नका.

चाळणी

इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण दोघंही अर्धं बरोबर आहात.

ही आपल्या नदीपात्रातली बांधकामाची वाळू नव्हे. बांधकामाला कंगोरे असलेला कण चालतो, सिमेंट त्याला धरून ठेवतं. इथे कण गोल लागतो, म्हणजे कणाकणांमधून तेल वाहायला जागा राहते. शिवाय तो जवळपास शुद्ध क्वार्ट्झचा लागतो. तपासणीत नमुना दाबाखाली चिरडतात आणि १०% पेक्षा जास्त भुगा होणार नाही असा सर्वांत मोठा दाब नोंदवतात. भुगा झाला की तो भेगांत जाऊन बसतो आणि विहीर गुदमरते. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयच्या जॉर्डन, वोनेवॉक, सेंट पीटर या वालुकाश्मांची वाळू या कसोटीला उत्तम उतरते. तिला नॉर्दर्न व्हाइट म्हणतात.

मग २०१७ मध्ये केरमिटजवळच्या टेकड्यांतून वाळू निघायला लागली. ती कमी मजबूत आणि बारीक, मुख्यतः ४०/७० आणि १०० मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचं माप, आकडा मोठा तितका कण बारीक). पण तोवर कंपन्या पातळ द्रवाबरोबर बारीक वाळूच जास्त वापरू लागल्या होत्या, त्यामुळे ती चालून गेली. विस्कॉन्सिनहून पर्मियनमध्ये पोचलेल्या टनाच्या किमतीत निम्म्याहून अधिक भाग वाहतुकीचा असायचा. तो एका फटक्यात गेला.

माळरान, तुमच्या मुद्द्यातली खोच इथे आहे. पर्मियनमधली पहिली खाण हाय-क्रशचीच होती, जुलै २०१७, केरमिट. विहिरीच्या उशाशी असूनही कंपनी तीन वर्षांत बुडाली. एकाला जमलं ते शेजारच्यालाही जमलं. टेकडीवर कोणाची मक्तेदारी नव्हती, दोन वर्षांत खाणी गरजेपेक्षा जास्त झाल्या आणि दर कोसळले. "इतके टन उचला, नाहीतर दंड भरा" असे करार होते. पण दर पडले की गिऱ्हाईक तेच करार घेऊन घासाघीस करायला येतं, आणि उद्या दुसरं गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसल्याने खाणवाला ऐकतो.

कोणाला या शेअरकडे बघायचंच असेल तर निव्वळ नफ्याआधी टनामागे उरणारा पैसा बघा, आणि तो सलग आठ तिमाही बघा. एकूण विक्रीपैकी पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांचा वाटा किती, ते बघा. क्षमता किती आणि विकलेले टन किती, यांतलं अंतर बघा. खाणीच्या दारातला दर आणि विहिरीपाशी पोचता केलेला दर वेगळे छापलेत का, तेही तपासा, कारण वाहतुकीची रक्कम मिसळली की विक्री फुगलेली दिसते. आणि एकाच जागेवर किती भिस्त आहे? एप्रिल २०२४ मध्ये केरमिटला ॲटलसच्या कारखान्यात आग लागली आणि त्याचा फटका उत्पादनाला बसला.

श्वास

पैशाचं बोलून झालं असेल तर फुप्फुसांचं बोलू. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने धोक्याची सूचना काढली. पाच राज्यांतल्या ११ फ्रॅकिंग ठिकाणी हवेचे ११६ नमुने घेतले होते आणि ४७% नमुन्यांत सिलिकाची धूळ तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. धूळ उडते ती वाळूच्या हौद्याच्या वरच्या झाकणातून, पट्ट्याच्या टोकाला आणि मिश्रणयंत्रात वाळू पडते तिथे. या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, सिलिकोसिस, बरा होत नाही. मुलाच्या पोटात नाश्ता जावा म्हणून त्याच्याच बापाच्या छातीत धूळ जाणाऱ्या धंद्यात आपण संस्थेचा पैसा का घालायचा?

माळरान

तो आकडा बदलायला लावणारे नियम त्यानंतरच आले. २०१६ मध्ये विहिरींवरच्या कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली, २०२४ मध्ये खाणींसाठीही तोच आकडा जाहीर झाला. वाळू आता बंद खोक्यांतून येते आणि खोक्याच्या तळातून खाली सोडतात, त्यामुळे पूर्वीसारखी हवेच्या झोताने उपसावी लागत नाही. ओली वाळू तशीच वापरण्याची पद्धत वाढतेय. त्यात वाळवणीचा गॅसही वाचतो आणि धूळही बसते.

श्वास

ओली वाळू पट्ट्यावर सुकते, आणि खोकं उघडणाऱ्याच्या नाकाशी झाकण असतंच. मर्यादा कागदावर खाली आली म्हणजे नमुनाही खाली आला असं होत नाही. ज्या कंपनीत पैसे घालायचे म्हणता तिने हवेच्या मोजणीचे आकडे खाणीवार छापलेत का, एवढं सांगा. छापले असतील तर मी पुढचं वाचेन.

पहिली घंटा

चर्चा वाळूत रुतली म्हणून नाश्त्याचा निधी असतो कशाला ते लिहिते. त्यावरूनच तो कुठे ठेवायचा ते ठरतं.

न्यू मेक्सिकोत आता राज्य फरक भरून काढतं. शेजारच्या टेक्सासात तसं नाही, तिथे गणित असं. केंद्राच्या सामुदायिक पात्रतेच्या योजनेत शाळा सगळ्यांना मोफत खाऊ घालते. सरकारी मदतीच्या यादीवरून थेट ओळख पटलेल्या मुलांचं प्रमाण घ्यायचं, त्याला १.६ ने गुणायचं, तेवढ्या टक्के नाश्त्यांना मोफतचा दर मिळतो. उरलेल्यांना भरपाई नावापुरती. समजा प्रमाण ४०% आहे, म्हणजे ६४%. रोज ३०० नाश्ते. २०२४-२५ चा जास्त गरजू शाळांचा दर २.८४ डॉलर, उरलेल्यांचा ०.३९. १९२ नाश्त्यांचे ५४५.२८, १०८ चे ४२.१२. एकूण ५८७.४०, म्हणजे नाश्त्यामागे १.९६ डॉलर. त्यात एक कप दूध, एक कप फळ, धान्याचा पदार्थ आणि वाढणारीचा पगार बसवायचा. प्रमाण ६२.५% किंवा त्याहून जास्त झालं तरच सगळे नाश्ते वरच्या दराने मोजले जातात.

शाळा तोट्यात जाते ती कमी मुलं खातात म्हणून. कॅन्टीनमध्ये घंटेआधी नाश्ता ठेवला की बस उशिरा आलेली मुलं थेट वर्गात जातात, आणि "तिथे गरीबच जातात" हा शिक्का बसतो तो वेगळाच. उपाय म्हणजे घंटा झाल्यावर वर्गात नाश्ता, १० ते १५ मिनिटं. १२ वर्ग असतील तर १२ गरम पिशव्या, १२ थंड पिशव्या, ढकलगाड्या आणि दूध ५ अंश सेल्सिअसखाली ठेवणारा जादा फ्रीज. उरलेलं दूध ओतायला प्रत्येक वर्गाला झाकणाची बादली. ही बादली विसरली की कचऱ्याची पिशवी गळते, वऱ्हांडा चिकट होतो आणि आठवड्याभरात सफाई कामगार व शिक्षक दोघंही योजनेच्या विरोधात जातात. मोजणीची चूकही नेहमीची. पाठवलेले नाश्ते मोजून दावा करतात. मोजायचे असतात मुलांनी घेतलेले, आणि त्यातही अर्धा कप फळ घेतलं नसेल तर तो नाश्ता भरपाईत बसत नाही.

म्हणजे निधी लागतो तो पहिल्या वर्षाच्या सामानाला, आणि दावा पाठवून पैसे हातात येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांच्या तुटीला. हा पैसा ऑगस्टमध्ये शाळा उघडताना हातात लागतो. त्या दिवशी शेअर निम्म्यावर असेल तर निम्म्या वर्गांना पिशव्या मिळतील.

जमाखर्च

पहिली घंटा यांच्या शेवटच्या वाक्याला पुरावा जोडतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि शाळांचे आचारी बसथांब्यांवर जेवणाच्या पिशव्या वाटायला लागले. २० एप्रिलला तेलाचा वायदा शून्याखाली ३७.६३ डॉलरवर बंद झाला. विहिरींवरचं काम थांबलं. जूनमध्ये विस्टा प्रॉपंट्स आणि कोव्हिया, जुलैमध्ये हाय-क्रश, तिन्ही वाळू कंपन्या दिवाळखोरीसाठी न्यायालयाच्या दारात. मुलांची गरज सर्वांत जास्त होती तेव्हाच राज्याचा महसूल, तेलभागातल्या देणगीदाराची नोकरी आणि वाळूचा शेअर एकदम पडले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाचवा हिस्सा तिथे असता तर तो नेमका त्याच दिवशी गेला असता.

न्यू मेक्सिको स्वतः काय करतं ते पाहा. रॉयल्टीचा पैसा शाळांसाठीच्या कायम निधीत जातो. तो निधी जगभरच्या शेअर, रोखे, मालमत्तांत विखुरलेला आहे, आणि दरवर्षी काढायची रक्कम पाच वर्षांच्या सरासरी मूल्यावर ठरते. तेलावर जगणारं राज्यच तेलाच्या लहरींपासून मुलांना असं वाचवतं.

कायद्याचंही सांगतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत धर्मादाय निधी सांभाळणाऱ्यांवर गुंतवणूक विखुरण्याची जबाबदारी आहे. भारतातल्या नोंदणीकृत धर्मादाय न्यासाला तर असे परदेशी शेअर घेताच येत नाहीत. प्राप्तिकर कायद्याने न्यासांना परवानगी दिलेल्या गुंतवणुकींच्या यादीत ते बसत नाहीत, आणि घेतले तर करसवलत धोक्यात येते.

दाणेगूळ

इकडे भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी छोटी भर. २०२० च्या शिक्षण धोरणात दुपारच्या जेवणाशिवाय सकाळच्या नाश्त्याचीही शिफारस आहे, आणि गरम नाश्ता शक्य नसेल तिथे गुळासोबत शेंगदाणे किंवा हरभरे द्यावेत असं लिहिलंय. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये १,५४५ शाळांपासून सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नाश्ता नेला. तिथे पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. महाराष्ट्रात पाठपुरावा करायचा तर अर्थसंकल्पातल्या तरतुदीचा करूया.

माळरान

जमाखर्च, २०२० चा मुद्दा मान्य. गरज आणि तोटा एकाच दिवशी येणार असतील तर चालू निधीतला एक डॉलरही तिथे नको. पाचव्या हिश्श्याचं म्हणणं मागे घेतो. श्वास यांनी मागितलेले खाणीवार आकडे माझ्याकडे नाहीत, आणि ते मागणं रास्त आहे.

एका गोष्टीवर मात्र ठाम आहे. ज्यांचा निधी कायमस्वरूपी आहे, मुद्दलाला दहा वर्षं हात लावायचा नाही, त्यांनी तेलाशी संबंधित सगळंच वर्ज्य करून वर त्याच तेलाच्या करातून नाश्ता मागावा, हे मला पटत नाही. अशा निधीत विखुरलेल्या गुंतवणुकीचा भाग म्हणून दोन-तीन टक्के वाळू असली तर चालेल.

पहिली घंटा

कायमस्वरूपी निधी असलेली संस्था असेल तर तुम्ही आणि जमाखर्च ते वेगळं भांडा. नाश्त्यासाठी झटणाऱ्या बहुतेक गटांकडे दहा वर्षांचं मुद्दल नसतं, एका हंगामाचं असतं. त्यांनी आधी पुढच्या ऑगस्टचं सामान आणि तीन महिन्यांची तूट यांची बेरीज करावी. तेवढी रक्कम बँकेत किंवा सरकारच्या तीन-सहा महिन्यांच्या रोख्यांत ठेवावी. त्यावर काही उरलं तर मला आधी आणखी एका शाळेच्या बादल्या घ्यायच्या आहेत.