मांजर सोफा ओरबाडतंय, मदत हवी आहे

आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. मनी दीड वर्षाची, ऑपरेशन झालेली, घरातच असते. सोफ्याच्या दाराकडच्या हाताचं कापड तिनं पार उसवलंय, आता आजीच्या सागवानी पेटीवर मोर्चा वळलाय. तेच जास्त लागतं. नखांची टोकं दर पंधरा दिवसांनी कापतो. संत्र्याच्या साली ठेवल्या, दोनच दिवस उपयोग झाला. रविवार पेठेतून काथ्याचा दोर आणून दोन फुटी खांबाला गुंडाळला. पण खांब डुलतो, शिवाय कोपऱ्यात आहे. ती हुंगते नि परत सोफ्याकडे.

अंग ताणणं, नखांचं जुनं आवरण काढणं, वास सोडणं ही तिची गरजच आहे, म्हणून मारणं किंवा नखं कायमची काढणं नकोच. घर भाड्याचं, भिंतीत खिळे चालत नाहीत. मग खांब किती उंच हवा, डुलू नये म्हणून तळाला काय लावता, आणि तो सोफ्याला अगदी लागूनच ठेवायचा का?