मदत हवी आहे: नुकत्याच निघालेल्या पिल्लांचे पाय – तीन पिल्लं, तीन तऱ्हा

मनोरी गावठाणात राहते. मुंबईतच, पण मध्ये खाडी. पशुवैद्य गाठायचा तर फेरीबोटीने मार्वे आणि तिथून मालाड. म्हणून आधी इथे विचारतेय, म्हणजे कोणत्या पिल्लाला घेऊन धावायचं आणि कोणत्याचं घरी जमेल ते कळेल.

गावठी कोंबडी खुडूक होती, तिच्याखाली अंडी बसवली होती. शेवटच्या आठवड्यात मुंगसाने तिला नेलं. उरलेली अंडी शेजाऱ्यांच्या थर्माकोलच्या इन्क्युबेटरमध्ये हलवली. पहिला पाऊस, लाईट सारखी जात-येत होती, त्यामुळे आतलं तापमान 37.5 अंशांवर टिकलं नसणार. तरी 21 व्या दिवसाच्या आसपास नऊ पिल्लं निघाली. सहा तुरुतुरु पळताहेत. बाकीच्या तिघांचं असं आहे:

पहिलं – दोन्ही पाय बाजूला फाकतात, पोटावर सपाट पडतं. उभं करून धरलं की पाय पुन्हा घसरतात. सांधे सुजलेले नाहीत, चोच मारतं, ओरडतं जोरात.

दुसरं – पाय सरळ आहेत, पण बोटं आत वळून मूठ झाली आहे. तळवा टेकतच नाही, घोट्यांवर बसल्या बसल्या पुढे सरकतं.

तिसऱ्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डावा पाय घोट्यापासून बाहेर वळलाय, सांधा सुजून चपटा झालाय आणि हात लावला की कळवळतं. काल हे चालत होतं. आज एका पायावर उड्या मारून दाण्यापर्यंत जातंय, आणि बाकीची त्याला तुडवतात.

खोक्यात तुसावर खरखरीत गोणपाट आहे, वर बल्ब. पिल्लांच्या उंचीला थर्मामीटर 34 दाखवतो. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकलेत, म्हणजे बुडायला नको. खायला चिक स्टार्टर. सासूबाई कण्याही टाकायला सांगतात, त्यांच्या माहेरी त्यावरच पिल्लं वाढली म्हणून. दुकानदाराने जीवनसत्त्वांचे थेंब दिलेत, बाटलीवर ए, डी3, ई आणि बी12 आहे.

विचारायचं हे: पहिल्याचे पाय बांधायचे तर कशाने आणि किती अंतर ठेवून? बोटांना या थेंबांचा उपयोग होईल का? आणि तिसऱ्याला आजच न्यायला हवं, की उद्या सकाळपर्यंत थांबलं तर चालेल? बाहेर धो धो पडतोय. “एका पिल्लासाठी कुठे जातेस” असं घरात म्हणताहेत, पण त्याची आई गेली, आता ते आमच्यावरच आहे.

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण वेळ त्याच्यासाठीच कमी आहे. तुमच्या वर्णनावरून घोट्यामागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी, टेंडन) खाचेतून सरकलेली वाटते. दोन्ही पायांच्या घोट्यामागे हलक्या बोटाने चाचपा. चांगल्या पायात मधोमध दोरीसारखी शीर लागेल. दुखऱ्या पायात ती मधे नसून कडेला लागली, तर तेच आहे. मँगेनीज, कोलीन कमी पडलं की हे होतं, कधी मार लागूनही होतं. पण एकदा शीर सुटली की औषध पाजून ती जागेवर येत नाही, हातानेच बसवावी लागते, आणि सूज जुनी झाली की बसवलेली शीर जागेवर टिकत नाही. तुम्ही स्वतः ओढाताण करू नका, हाड कोवळं असतं. आजच न्या. मालाडला पक्षी बघणारे कुणी नसतील तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. 1886 पासूनचं कॉलेज आहे, पण निघण्याआधी बाह्यरुग्ण विभागाची वेळ फोनवर विचारून घ्या.

पहिलं बहुतेक सुधारेल. मायक्रोपोर किंवा जखमेवर लावतात त्या बँड-एडसारख्या चिकटपट्टीची उभी अरुंद पट्टी कापा, गादी असेल तर तो भाग मध्ये ठेवा आणि दोन्ही टोकं दोन्ही नडग्यांभोवती सैल गुंडाळा. पिल्लू नीट उभं राहिल्यावर पाय कमरेखाली एकमेकांपासून जितके दूर असतात तितकंच अंतर ठेवा, जवळ आवळू नका. पंजा सुजला किंवा निळसर दिसला तर ताबडतोब सोडा. पट्टी रोज बदला, कारण या वयात पिल्लू दिवसागणिक वाढतं. सुरुवातीला धडपडेल, त्याला उचलून पाण्यापाशी नेत जा. बऱ्याच पिल्लांचे पाय तीन-चार दिवसांत सावरतात. गोणपाट अंथरलंत ते बरंच केलंत, वर्तमानपत्र असतं तर पट्टी बांधूनही घसरलं असतं.

प्रतिसाद २

दुसऱ्या पिल्लाबद्दल. मूठ वळणं हे बी2 कमी पडल्याचं नेहमीचं लक्षण आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या यादीत बी2 नाहीच. त्यामुळे ते थेंब वाईट नसले तरी या दुखण्याला पुरणार नाहीत. बी कॉम्प्लेक्स हवं. मात्रा डॉक्टरांनाच विचारा, तिसऱ्याला नेताना हेही सोबत न्या. पाण्यातून देणार असाल तर रोज ताजं करा आणि उजेडापासून दूर ठेवा, बी2 उजेडात नासतं. बोटांसाठी पुठ्ठ्याचा पंजाएवढा तुकडा कापून त्यावर एकेक बोट सरळ करून चिकटपट्टीने बसवा. पहिल्या दिवसांतच केलं तर फरक पडतो. कण्या आत्ता नकोत. त्यात बी2 नसल्यासारखंच असतं, आणि पिल्लाचं पोट भरलं की ते स्टार्टर कमी खातं. सासूबाईंच्या माहेरी पिल्लं कोंबडीमागे उकिरड्यात किडे, पाला टिपत फिरायची, म्हणून नुसत्या कण्यांचं कमी भरून निघायचं. खोक्यातल्या पिल्लाला ते कुठून मिळणार?

धागाकर्ती

शीर चाचपली, आतल्या कडेला लागतेय. निघतेय. दोघांना चपलेच्या खोक्यात गोणपाट घालून घेतलंय, झाकणाला भोकं पाडलीत. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवलीय, नको वाटलं तर दूर सरकता येईल अशी. पहिल्याला पट्टी बांधून झाली, सासूबाईंनी धरलं. त्याला एकटं न ठेवता मध्ये जाळी लावलीय, म्हणजे बाकीची दिसतील पण चोच मारणार नाहीत.

एक अजून सांगा. तिसऱ्याची शीर बसवल्यावर पाय किती दिवस बांधून ठेवतात, आणि त्या काळात ते बसून राहिलं तर छातीखाली काय घालायचं? डॉक्टरांना विचारीनच, पण ज्यांनी स्वतः असं पिल्लू सांभाळलंय त्यांच्याकडूनही हवंय.