पोर्टलंडची लाइट रेल पाहून आल्यावर घोडबंदर रस्त्यासाठी नेमके काय मागावे?

घोडबंदरचा रहिवासी:

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या कासारवडवली परिसरात चौदा वर्षे राहतो. यंदा उन्हाळ्यात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरटन या उपनगरात मुलीकडे अडीच महिने राहून आलो. तिच्या घरापासून लाइट रेलचे, म्हणजे कमी डब्यांच्या विजेवरील शहरी रेल्वेचे, स्थानक पायी दहा मिनिटांवर आहे. मला गाडी चालवता येत नाही, तरीही त्या मुक्कामात ग्रंथालयात, बाजारात किंवा विमानतळावर जाण्यासाठी जावयांना एकदाही ‘मला सोडाल का’ असे विचारावे लागले नाही.

पोर्टलंड शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसहा लाख, तर ठाण्याची २०११ मध्येच अठरा लाखांवर होती. तरीही तेथे लाइट रेलचे पाच मार्ग आहेत, त्यांची लांबी सुमारे ९५ किलोमीटर भरते आणि शिवाय शहराच्या मध्यभागात ट्रामसारखी स्ट्रीटकार धावते. आपल्याकडे मेट्रो ४ चे खांब आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २९ किलोमीटर लांबीच्या, २२ स्थानकांच्या ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला १२,२०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, याचा आनंदही आहे. आमच्या पाच गृहनिर्माण संस्था मिळून महापालिकेला एक निवेदन देणार आहेत. ‘मेट्रो लवकर करा’ एवढेच त्यात लिहावे असे मला वाटत नाही. पोर्टलंडला हे कशामुळे साधले आणि त्यातले आपण काय मागू शकतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशी सेक्टर १७:

मी नगररचना विभागातून निवृत्त झालो आहे आणि पोर्टलंडचा विषय आम्ही प्रशिक्षणात अभ्यासला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तेथील गोष्ट रेल्वेपासून सुरू होत नाही, एका रद्द झालेल्या रस्त्यापासून सुरू होते. शहराच्या आग्नेय भागातून माउंट हूड फ्रीवे नावाचा द्रुतगती मार्ग नेण्याचे ठरले होते आणि त्यासाठी दीड हजारांहून अधिक घरे पाडावी लागणार होती. रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि १९७४ मध्ये नगर परिषदेने प्रकल्पाचा पाठिंबा काढून घेतला. एरवी येथे केंद्राचा निधी परत गेला असता आणि विषय मिटला असता. परंतु अमेरिकी संसदेने १९७३ मध्ये महामार्ग कायद्यात अशी तरतूद केली होती की, शहरातील नियोजित महामार्ग सोडून दिला तर त्याच्या वाट्याचा पैसा सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता येईल. पोर्टलंडने या तरतुदीचा उपयोग केला आणि १९८६ मध्ये ग्रेशमपर्यंतचा सुमारे २४ किलोमीटरचा पहिला लाइट रेल मार्ग सुरू झाला. त्याच प्रकल्पात शेजारचा बॅनफिल्ड महामार्गही सुधारण्यात आला, म्हणजे रस्त्यांना सर्वस्वी नकार होता असेही नाही. नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह हा वाहता रस्ता मात्र त्यांनी १९७४ मध्ये बंद केला आणि तेथे उद्यान केले.

दुसरा भाग जमिनीचा. १९७३ च्या राज्य कायद्याने ऑरेगनमधील प्रत्येक शहराला आपल्या वाढीची सीमा आखणे बंधनकारक केले. पोर्टलंड महानगराने ती १९७९ मध्ये आखली. सीमेबाहेर शेती आणि जंगल, आत शहर. त्यामुळे विकासकाला गावाबाहेर स्वस्त जमीन घेऊन वसाहत उभारण्याची मुभा राहिली नाही आणि आतल्या जमिनीचा, विशेषतः स्थानकांजवळच्या जमिनीचा, विचार करणे भाग पडले.

आपल्या निवेदनासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण मात्र पर्ल डिस्ट्रिक्टचे आहे. ही जागा म्हणजे पूर्वीचे रेल्वे यार्ड आणि गोदामे. १९९७ मध्ये शहराने तेथील मुख्य विकासकाशी करार केला, आणि त्या करारात घरांची किमान घनता सोयींच्या टप्प्यांना बांधली. आरंभी एकरी १५ घरे. शहराने तेथला जुना उतारपूल पाडला की ८७. स्ट्रीटकारचे काम सुरू झाले की १०९. पहिले उद्यान झाले की १३१. दोन्ही बाजूंनी बंधन होते: शहराने सोय दिली नाही तर विकासकावर दाट बांधण्याची सक्ती नाही, आणि सोय दिली तर त्याला विरळ महागडी घरे बांधून मोकळे होता येत नाही. २००१ मध्ये स्ट्रीटकार धावू लागली. तिच्या खर्चाचा एक हिस्सा मार्गालगतच्या मालमत्ताधारकांनी विशेष आकाराच्या रूपाने दिला आणि मोठा हिस्सा शहराने वाहनतळांच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून उभा केला.

घोडबंदर रस्त्यावर हा क्रम नेमका उलटा झाला. तीस-चाळीस मजली इमारती आधी आल्या, लोक राहायला आले, आणि वाहतुकीचा विचार त्यानंतर सुरू झाला. माझ्या मते आपल्या निवेदनाचा कणा हाच असावा: यापुढे मेट्रोच्या नावावर जे वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची मुभा) मंजूर होईल, त्याचा वापर आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) स्थानक प्रत्यक्ष सुरू होण्याशी जोडावे.

पाचपाखाडी:

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे पोर्टलंडमध्ये होतो आणि रोज लाइट रेलनेच कामावर जात असे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. निवेदनात केवळ गुणगान आले तर ते दुबळे पडेल.

शहराच्या मध्यभागात ही गाडी रस्त्यावरूनच चालते. तेथील चौकाचौकांतले अंतर अवघे ६१ मीटर आहे, आणि थांबलेल्या गाडीने चौक अडवू नये म्हणून तिला दोनच डबे जोडता येतात. शिवाय पाचपैकी चार मार्ग १९१२ सालच्या स्टील ब्रिजवरूनच नदी ओलांडतात, त्यामुळे तेथे बिघाड झाला की चारही मार्ग खोळंबतात. उपनगरात वेगाने आलेली गाडी मध्यभागात सायकलच्या गतीने जाते, हे मी नऊ वर्षे पाहिले. आपली वर्तुळाकार मेट्रो बहुतांश उन्नत आणि काही भाग भूमिगत असल्याने हा दोष आपल्याकडे येणार नाही. पण उन्नत स्थानकावर चढणे-उतरणे हा वेगळा त्रास आहे, तेव्हा सरकते जिने व उद्वाहने कागदावर असून भागणार नाही, ती चालू राहिली पाहिजेत.

लोकांनीही प्रत्येक वेळी होकार दिलेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नैऋत्येकडील नव्या मार्गासह अनेक कामांसाठी मांडलेला कराचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला आणि तो मार्ग थांबला. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या शहराने माउंट हूड फ्रीवे रोखला, त्याच शहरात त्याआधी अल्बिना या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून महामार्ग गेला, तेथे क्रीडागृह उभे राहिले आणि शेकडो कुटुंबांची घरे गेली. कोणाचा विरोध ऐकला जातो, याचा विचार आपल्या वस्त्यांबाबतही व्हावा. वर्तुळाकार मेट्रोच्या लाभार्थींत केवळ हिरानंदानी इस्टेट नाही, वागळे आणि डोंगरीपाडाही आहे.

मला स्वतःला तेथे रेलइतकीच बसची व्यवस्था मोलाची वाटली. मुख्य मार्गांवर दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बस येते आणि त्या मार्गांची नावेच ‘वारंवार सेवा’ अशी वेगळी दाखवलेली असतात. वेळापत्रक पाहावे लागत नाही, थांब्यावर जाऊन उभे राहायचे. ही बस चालवण्याच्या खर्चासाठी तेथील वाहतूक संस्था नोकरी देणाऱ्या कंपन्यांकडून पगाराच्या प्रमाणात कर घेते, म्हणजे रोजचा डिझेलचा आणि चालकांच्या पगाराचा पैसा दरवर्षी मागत फिरावे लागत नाही. आपल्याकडे बांधकामासाठी हजारो कोटी मिळतात, पण दहा बस वाढवायच्या म्हटल्या की हात आखडतो.

नेरूळ:

मालमत्ताधारकांकडून विशेष आकार घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, एवढेच सांगायचे आहे. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी संस्थेने, जमीन विकून आलेल्या पैशातून रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला आणि १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. स्थानक, त्यावरची कार्यालये आणि भोवतीचा नोड (म्हणजे नियोजित उपनगर) यांचा एकत्र विचार येथे झाला होता. तो नियम पुढे सर्वत्र टिकला नाही: बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. या मार्गावरच्या तळोजा भागात घर घेतलेल्यांनी ती बारा वर्षे कशी काढली, हे माझ्या भावाच्या कुटुंबात मी जवळून पाहिले आहे. म्हणून वाशीच्या सरांची टप्प्यांची सूचना मला पूर्णपणे पटते.

घोडबंदरचा रहिवासी:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. एक शंका उरते. आमच्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे उलटली, तेव्हा टप्प्यांची अट नव्या इमारतींना लागू होईल. आधीच राहत असलेल्या लोकांसाठी काय मागावे?

वाशी सेक्टर १७:

आपली शंका रास्त आहे. राहत्या वस्तीसाठी मी दोनच गोष्टी मागेन, आणि दोन्ही मेट्रोच्या आधी. एक म्हणजे पाचपाखाडीकरांनी सांगितलेली पंधरा मिनिटांची बस, निदान कोलशेत, ढोकाळी आणि मानपाडा या पट्ट्यात, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत. प्रवाशांना बसची सवय आधी लागली तर स्थानक सुरू होईल त्या दिवशी तीच बस त्यांना स्थानकावर आणून सोडेल. दुसरी म्हणजे प्रत्येक नियोजित स्थानकाभोवती आठशे मीटरपर्यंतच्या पदपथाची पाहणी. ही पाहणी तुम्ही स्वतः करू शकता. तुमच्या पाचही संस्थांच्या फाटकापासून स्थानकाच्या जागेपर्यंत एखाद्या ज्येष्ठ नागरिकासोबत चालत जा. पदपथ कोठे तुटतो, घोडबंदर रस्ता कोठे आणि किती वेळात ओलांडता येतो, पावसाळ्यात पाणी कोठे साचते, हे छायाचित्रांसह नोंदवा आणि निवेदनाला जोडा.

घोडबंदरचा रहिवासी:

या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघत आहोत. सोबत येणारे शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि काठी घेऊन चालतात. नोंदी तयार झाल्या की येथे मांडतो.