प्रॉडक्ट टीमने निर्णय खेळातून घ्यावेत का?

रानवारा (धागाकर्ता)
माझं उत्तर हो आहे. सहलीतले करमणुकीचे खेळ मी म्हणत नाही, ज्यातून निर्णय निघतो ते खेळ. उदाहरणार्थ ‘बाय अ फीचर’, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुढे कोणत्या सुविधा (फीचर्स) बनवायच्या ते ठरवायचा खेळ. प्रत्येक फीचरला किंमत लावायची, साधारण ते बनवायच्या खर्चाच्या प्रमाणात, आणि प्रत्येकाला खेळातले मोजके पैसे द्यायचे. सगळ्यांचे पैसे एकत्र केले तरी अख्खी यादी येत नाही, आणि महागडी फीचर्स एकट्याच्या आवाक्यात नसतात. मग सेल्सवाल्याला सपोर्टवालीकडे जावंच लागतं. ती विचारते, “तुमचा कोणता ग्राहक यावाचून अडलाय?” मला ही घासाघीस मोलाची वाटते. कोणाला काय हवं ते यादीत दिसतं, का हवं ते मात्र इथे बाहेर येतं. अमेरिकेतल्या सॅन होजे शहराने 2011 मध्ये वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांना अर्थसंकल्पावर बोलतं करायला हाच खेळ वापरला होता. नुसत्या मतदानातून आकडे मिळाले असते, कारणं नाहीत.

तिरकी रेघ
अजिबात पटलं नाही. टेबलाशी डायरेक्टर बसला की हुद्दा कोणी विसरत नाही. त्याने एका फीचरवर पैसे ठेवले की नवी मुलंही तिथेच ठेवतात. शिवाय घासाघीस बोलक्या माणसाला जमते. आमच्याकडची सर्वात हुशार डेव्हलपर बैठकीत फार बोलत नाही, पण तिने लिहिलेलं एक पान वाचलं की चर्चेची दिशा बदलते. सगळ्यांनी आधी लिहून आणावं, शांतपणे वाचावं, मग बोलावं. त्याला खेळ कशाला हवा?

रानवारा
हुद्द्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय खेळाच्या नियमातच असू शकतो. प्लॅनिंग पोकर घ्या. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडलेली पद्धत. कामाचा अंदाज प्रत्येक जण पालथ्या पत्त्यावर देतो आणि पत्ते एकदमच उलटतात. पहिला आकडा कानावर पडला की बाकीचे त्याच्याच आसपास घुटमळतात, ते इथे टळतं. मग सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा देणाऱ्यांनी कारण सांगायचं. तुमच्या त्या डेव्हलपरने 13 दिला आणि बाकीच्यांनी 3, तर तिला मध्येच तोंड घालावं लागत नाही. बोलायची पाळी तिचीच असते.

पालथा पत्ता
मी टेस्टर आहे. पहिल्या फेरीपुरतं रानवारा यांचं खरं. दुसऱ्या फेरीत सगळे सीनियरच्या आकड्यावर येतात, कारण एव्हाना तो कळलेला असतो. म्हणून पहिल्या फेरीतली तफावत नोंदवून ठेवायला हवी, धोका तिथेच दडलेला असतो.
माझी खरी तक्रार ‘स्पीडबोट’बद्दल आहे. फळ्यावर बोट काढायची, तिला मागे खेचणारे अडथळे नांगर म्हणून खाली चिकटवायचे. खेळ उत्तम आहे. पण एका जुन्या टीममध्ये दर वेळी सर्वात खोल नांगर एकच असायचा: टेस्टिंगला वेळ मिळत नाही. फोटो निघायचा, फळा पुसला जायचा, पुढच्या रिलीजला (नव्या आवृत्तीला) तेच. अशाने लोक खरं लिहायचं थांबवतात.

तिरकी रेघ
नेमकं हेच! रानवारा, खेळ सुरू होण्याआधी प्रॉडक्ट मॅनेजरने लिहून द्यावं की विकत घेतलेल्यांपैकी किती फीचर्स पुढच्या रिलीजमध्ये नक्की घेणार. तुमच्याकडे असं कोणी देतं का?

रानवारा
लेखी नाही देत. पुढच्या वेळी खेळाआधी मागतो. नकार आला तर खेळ घेणार नाही.